एरंडेल आणि मुलतानी माती : शंकू क्लचचं एक प्रकरण

विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत युरोपात मोटार चालवणाऱ्याच्या हत्यारपेटीत पान्या-हातोड्यांच्या शेजारी दोन लहान डबे सापडले, तर त्यात नवल नव्हतं. एकात एरंडेल, दुसऱ्यात मुलतानी मातीची पूड. क्लच झटका मारू लागला की त्याच्या कातड्याला एरंडेल पाजायचं. क्लच घसरू लागला की त्याच कातड्यावर मुलतानी माती भुरभुरायची. भाग एकच, आणि त्याला एकमेकांच्या उलट दोन औषधं.

हे प्रकरण त्या कातड्याचं आहे. १८९० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत बहुतेक मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कातडं चढवलेला लोखंडी शंकू बसवलेला असे. तोच त्या काळचा क्लच. तो सुधारण्यासाठी चांगल्या चांगल्या इंजिनियरांनी वीस-पंचवीस वर्षं डोकं लावलं. यंत्ररचनेच्या इतिहासात ही गोष्ट सहसा ‘आधी शंकू होता, मग प्लेट आली’ एवढ्या एका वाक्यात उरकली जाते. मला ते पटत नाही. सपाट प्लेटची कल्पना लोकांना लवकर सुचली होती. नव्हतं ते तिच्यावर लावायला योग्य अस्तर. रचनेला सामग्रीची वाट पाहावी लागली, आणि ती येईपर्यंत माणसं कातड्याला जपत राहिली.

उभ्या जागी न ओढणारं इंजिन

वाफेच्या इंजिनाला क्लच लागत नाही. सिलिंडरात वाफ सोडली की दट्ट्या उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावतो. आगगाडी सुटते ती अशी. पेट्रोलच्या इंजिनाचं तसं नाही. ते फिरत असेल तरच ताकद देतं आणि मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली गेलं की बंद पडतं. चाकं थांबलेली, इंजिन मात्र फिरतं ठेवायचं, आणि या दोघांची गाठ हळूहळू घालायची, हे काम क्लचचं. म्हणजे त्याला सुरुवातीचे दोन-तीन सेकंद शिस्तीत घसरता आलं पाहिजे आणि त्यानंतर मैलोन् मैल अजिबात घसरता कामा नये. दोन्ही मागण्या एकाच पृष्ठभागाकडून.

कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या गाडीत हा प्रश्न कारखान्यातल्या रीतीने सोडवला. गावाकडच्या जुन्या पिठाच्या गिरणीत इंजिनावरचा पट्टा लाकडी दांड्याने मोकळ्या पुलीवरून धरत्या पुलीवर सरकवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बेंझची गाडी लगेच कळेल. तत्त्व तेच. पट्टा सरकताना थोडा घसरतो, मग धरतो. गिरणीला ते पुरतं, कारण ती दिवसातून मोजक्या वेळा चालू-बंद होते. रस्त्यावरच्या गाडीत चामड्याचा पट्टा भिजतो, ताणतो, धूळ खातो. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला शंभरेक किलोमीटर गेल्या, तेव्हा वाटेत चढ आला की मुलं उतरून गाडी ढकलत होती. अशा गाडीत ताकद वाढवायची तर पट्ट्याने भागणार नव्हतं.

लव्हासोर यांची मांडणी

१८९१ पासून पॅनहार्ड-लव्हासोर या पॅरिसच्या कंपनीत एमिल लव्हासोर यांनी जी मांडणी बसवली, ती पुढे अनेक दशकं मोटारीचा साचा ठरली. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स, आणि शेवटी मागच्या चाकांना चाल. गिअर बदलताना फिरते दाते एकमेकांत घुसवायचे. ‘रानटी आहे, पण चालतं,’ असं लव्हासोर त्याबद्दल म्हणाले, असं सांगतात. ते चालायचं असेल तर गिअर बदलताना इंजिन पूर्ण तोडता आलं पाहिजे आणि लगेच पुन्हा जोडता आलं पाहिजे. क्लच आता फक्त गाडी सुटताना लागणारी वस्तू राहिली नाही. एका प्रवासात तो शेकडो वेळा दाबला जाऊ लागला.

या मांडणीत शंकू सहज बसला. इंजिनाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे त्याच्या दांड्यावरच्या जड चाकाला, मागच्या बाजूने आतून उतरता शंकूचा खळगा कातायचा. त्यात बरोबर बसेल असा दुसरा शंकू गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर ठेवायचा आणि त्याच्या कडेवर कातडं रिव्हेट करायचं. एक जाड स्प्रिंग त्याला खळग्यात दाबून धरते. पेडल दाबलं की शंकू थोडासा मागे येतो आणि सुटतो. भाग थोडे, कातकाम सोपं, आणि कातडं बदलायला कुठलाही खोगीर शिवणारा कारागीर चालतो.

कोनाची कमाल आणि कोनाची खोड

शंकूच का, सपाट तबकडी का नाही, हे आकड्यांत पाहिलं की या प्रकरणाची गाठ कुठे आहे ते दिसतं. १९०१ ची मर्सिडीज घेऊ. ३५ अश्वशक्ती, मिनिटाला सुमारे ९५० फेऱ्यांना. म्हणजे क्रँकशाफ्टवरची, इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, पिळाची ताकद साधारण २६० न्यूटन-मीटर. आता हिशेबासाठी धरू की क्लचची सरासरी त्रिज्या २०० मिलिमीटर आहे आणि कातडं-लोखंड यांच्यातला घर्षणगुणांक, म्हणजे एक दुसऱ्याला किती धरतं याचा आकडा, ०.२. (खुद्द मर्सिडीजचा क्लच वेगळ्या जातीचा होता, त्याकडे पुढे येतो.) राखीव काहीच न ठेवता, सपाट तबकडीची एकच बाजू वापरली तर तिला साधारण ६६० किलोचा दाब हवा. दोन्ही बाजू वापरल्या तरी ३३०. एवढी स्प्रिंग दाबायची तर पेडलची तरफ फार लांब लागते आणि पायाचा प्रवास संपता संपत नाही.

शंकूचा उतार अक्षाशी साडेबारा अंशांचा ठेवला तर तीच ताकद १४० किलोच्या स्प्रिंगवर पोहोचते. शंकू पाचरीसारखा बसतो. स्प्रिंगचा जोर साडेचारपटीहून जास्त होऊन कातड्यावर पडतो. त्या काळच्या पेडलला आणि माणसाच्या पायाला हे झेपणारं होतं. शंकू निवडणाऱ्यांची निवड चुकीची नव्हती. त्यांच्या हाती असलेल्या कातड्याला तीच रचना शोभत होती.

पण पाचर ठोकली की ती काढायचीही असते. शंकू आणि खळगा एकत्र फिरत असताना त्याला मागे ओढायला किती जोर लागेल, हे घर्षणगुणांक आणि कोन यांच्या शर्यतीवर ठरतं. साडेबारा अंशांचा स्पर्शज्या-गुणोत्तरातला (टॅन) आकडा ०.२२. घर्षण त्याच्याखाली असेल तर स्प्रिंग मागे घेताच शंकू आपोआप सैल होतो. घर्षण त्याच्या वर गेलं तर स्प्रिंग काढली तरी शंकू अडकून बसतो आणि हिसका देऊनच सोडवावा लागतो. आपण धरलेलं कातडं ०.२ वर आहे. अंतर उरलं फक्त दोन शतांशांचं.

आणि कातडं काही एका आकड्यावर राहत नाही. उन्हात वाळलं, तापलं की ते टणक होतं, कसंही वागतं. बेअरिंगमधून गळालेलं तेल त्यावर उडालं की घर्षण निम्म्याखाली येतं. पावसात दमट झालं की पुन्हा वेगळंच. कोन वाढवला तर अडकणं थांबतं, पण पाचरीचा फायदा जातो आणि स्प्रिंग जड करावी लागते. कोन कमी केला तर पेडल हलकं होतं आणि क्लच अडकतो. साडेबाराच्या आसपासचा हा कोन म्हणजे दोन दुखण्यांमधली अरुंद बांधावरची वाट होती. एरंडेल आणि मुलतानी माती यांची गरज नेमकी इथे आहे. चालक स्वतःच्या हाताने घर्षणगुणांक त्या बांधावर आणून ठेवत होता. त्याला हा शब्द माहीत नसेल, काम मात्र तेच चाललं होतं.

झटका

चालकांची सगळ्यात मोठी तक्रार झटक्याची. पेडल सोडताना शंकू काही मिलिमीटर पुढे सरकतो आणि एकदम सगळ्या कडेने टेकतो. टेकल्याक्षणी पाचर बसते. घसरण्याचा काळ जवळजवळ मिळतच नाही. गाडी उडी मारते, साखळ्या आणि दाते दणका खातात, मागे बसलेल्यांच्या टोप्या मागे सरकतात. कातडं जुनं होऊन रिव्हेटांची डोकी वर आली की लोखंडावर तांबं घासतं आणि क्लच थरथरत धरतो.

यावरचा सगळ्यात शहाणा उपाय मला तरी कातड्याखालच्या स्प्रिंगांचा वाटतो. शंकूच्या कडेत ठरावीक अंतरांवर खाचा करून त्यात लहान चपट्या स्प्रिंगा किंवा स्प्रिंगवरच्या गुंड्या बसवायच्या, म्हणजे त्या जागी कातडं किंचित फुगलेलं राहतं. पेडल सोडलं की आधी हे फुगवटे टेकतात, थोडंसं घर्षण देतात, गाडी हळूच हलू लागते. मग ते दबतात आणि उरलेलं कातडं टेकतं. अख्ख्या कडेचं एकदम टेकणं मोडून त्याचं हळूहळू टेकणं केलं. आजच्या क्लच प्लेटच्या दोन अस्तरांमध्ये लाटांसारखी वळवलेली पोलादी पानं असतात, ती याच कामासाठी. मूळ कल्पना कातड्याखालच्या त्या फुगवट्यांत आहे.

कातडं चढवणं हीसुद्धा एक कारागिरी होती. सरळ पट्टा कापून शंकूवर गुंडाळला तर एक कड ताणते आणि दुसरीला चुण्या पडतात. शंकूची कड उलगडली की तिचा कंस होतो. आपल्या उदाहरणातल्या २०० मिलिमीटर त्रिज्येच्या आणि साडेबारा अंशांच्या शंकूसाठी तो कंस ९२० मिलिमीटरच्या पुढच्या त्रिज्येचा आणि जेमतेम ७८ अंशांचा येतो. आधी कागदाचा नमुना, मग त्याबरहुकूम सव्वा मीटरहून लांब, एकसारख्या जाडीचं निर्दोष कातडं. ते थोडं आखूड कापून, भिजवून, ताणून चढवायचं. रिव्हेटांची डोकी कातड्यात खोल बसवायची. शेवटी सगळी कड लेथवर धरून समतल करायची. गुरांच्या खुरांपासून काढलेलं तेल किंवा एरंडेल जिरवायला रात्रभर पेडल दाबून, मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून ठेवत. हे काम घाईत केलेल्या क्लचला नंतर कुठलंही औषध लागू पडत नसे.

न थांबणारा शंकू

दुसरं दुखणं उलट्या बाजूचं. पेडल दाबलं, शंकू सुटला, पण थांबला नाही. मोठ्या त्रिज्येवर वजन असलेली वस्तू फिरत राहते, आणि तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा पुढचा दांडाही. वरचा गिअर घालायचा तर तो दांडा मंद व्हायला हवा. तो होईपर्यंत वाट पाहिली नाही तर दाते करकरतात. ढोबळ हिशेब करायचा तर आठ किलोचा शंकू १८० मिलिमीटरच्या त्रिज्येवर आणि दोन किलोची प्लेट १०० मिलिमीटरच्या त्रिज्येवर धरू. शंकूचं जडत्व प्लेटच्या तेरापट निघतं. त्या काळच्या गिअरबॉक्सच्या खडखडाटाचा दोष लोक दात्यांना देत. त्यातला बराच वाटा शंकूचा होता.

यासाठी शंकू ॲल्युमिनियमचे ओतले गेले. पेडल तळापर्यंत दाबलं की शंकूला टेकणारा कातड्याचा किंवा फायबरचा एक लहान ब्रेक बसवला गेला. उतरता गिअर घालताना मात्र उलट हवं असतं, दांडा वेगाने फिरायला हवा. म्हणून पेडल दाबून न्यूट्रल, पेडल सोडून इंजिनाला रेस, पुन्हा पेडल आणि मग गिअर. आपल्याकडे एसटीचे आणि ट्रकचे जुने चालक ज्याला ‘डबल क्लच’ म्हणत, तेच हे तंत्र. त्यांच्या गाड्यांत प्लेट क्लच असायचा, तरी गिअरबॉक्सला दात्यांचे वेग जुळवून देणारी सोय नव्हती, म्हणून ते टिकलं. ती सोय, सिंक्रोमेश, कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली.

याच्या जोडीला चौकटीचा प्रश्न होता. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे, लवचीक चौकटीवर बसवलेले. खड्ड्यात चौकट पिळली की शंकूचा अक्ष खळग्याच्या अक्षापासून सरकायचा आणि कातडं एका बाजूनेच झिजायचं. मध्ये सांधे घालून हे सांभाळलं जाई. खरा इलाज इंजिन-गिअरबॉक्स एकाच सांगाड्यात जोडण्याचा होता, आणि तो पुढे आला.

घाटातली उष्णता

क्लच घसरतो तेव्हा गमावलेली ताकद उष्णता होऊन त्याच जागी राहते. माणसांसह दीड टनाची गाडी सपाटीवर तीन सेकंदांत ताशी आठ किलोमीटरवर न्यायची, रस्त्याचा अडथळा सोडून दिला, तर क्लचमध्ये साधारण पावणेचार किलोज्यूल उष्णता पडते. तीच गाडी दहास एक अशा चढावर सोडली तर साडेआठच्या वर. आणि चालकाने ब्रेक न लावता, अर्ध्या क्लचवर गाडी चढावर नुसती तोलून धरली, तर दर सेकंदाला सव्वातीन किलोज्यूल, म्हणजे सव्वातीन किलोवॅट. न्हाणीघरातला मोठा गिझर खातो त्याहून थोडी जास्तच. ही सगळी बोटभर रुंदीच्या कातड्याच्या पट्ट्यावर. कातडं उष्णता पुढे वाहून नेत नाही. लोखंडी खळगा जितकी शोषेल तितकीच सुटका. बाकी कातड्याने सोसायची. ते आधी चकचकीत होतं, मग टणक, मग जळकट वास सुटतो.

सह्याद्री या परीक्षेत एकदा उतरला होता. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणीत रोल्स-रॉईसची ४०/५० अश्वशक्तीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही गाडी सहा घाटांसह सुमारे ६२० मैल गेली आणि आपल्या गटात पहिली आली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. या गाड्यांतही कातड्याचा शंकू क्लचच होता. पण सात लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन इतक्या कमी फेऱ्यांना ओढायचं की चालकाला गिअर क्वचितच बदलावा लागे. १९११ मध्ये याच जातीच्या गाडीने लंडन ते एडिंबरा आणि परत हा सगळा प्रवास वरच्या गिअरमध्ये केला. माझ्या मते यात क्लचचा प्रश्न सुटला नाही, त्याला कमीत कमी हात लावण्याची सोय झाली. ती ज्याला परवडेल त्याला.

तेलात बुडालेले उपाय

कातड्यापासूनच सुटका करून घ्यायचे मार्ग अनेकांनी शोधले. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाख यांनी फ्लायव्हीलच्या आत एक पोलादी गुंडाळी ठेवली, ती गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या ढोलाभोवती आवळली जाते. भरलेला पोहरा विहिरीत तोलून धरताना दोराचे खांबाला दोन-तीन वेढे दिले की एक हातही पुरतो, तोच हा हिशेब. घर्षणगुणांक ०.१५ आणि वेढे तीन, तर एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाला सतरापट होते. अतिशय देखणी कल्पना. पण सतरापट होणारी गोष्ट चुकाही सतरापट करते: तेल थोडं कमी-जास्त झालं, गुंडाळी किंचित झिजली की धरण्याची तऱ्हा बदलते. आणि अशी गुंडाळी बनवणं प्रत्येक कारखान्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

हेन्री सेल्बी हेल-शॉ यांनी दुसरी वाट धरली. हे लिव्हरपूलला अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. द्रवाच्या प्रवाहरेषा डोळ्यांना दाखवणारं त्यांचं उपकरण आजही त्यांच्या नावाने शिकवलं जातं. त्यांनी धातूच्या अनेक पातळ प्लेटा एकाआड एक रचल्या, अर्ध्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, अर्ध्या गिअरबॉक्सबरोबर, आणि सगळं तेलात ठेवलं. तेलातल्या धातूचं घर्षण अगदी कमी, ०.०७ धरलं तर आपल्या उदाहरणात दोन बाजूंना ९४० किलोचा दाब लागेल. वीस बाजू केल्या की तोच ९४ वर येतो. शिवाय प्रत्येक प्लेटमध्ये त्यांनी गोलाकार पन्हळ दाबून काढली, म्हणजे प्लेट एकमेकींत शंकूसारख्या बसतात. शंकूची पाचर आणि तेलाचा मवाळपणा एकत्र आला. उष्णता तेल घेऊन जातं. झटका नाही. चालकांना तो आवडला आणि चांगल्या गाड्यांत तो बसवला गेला.

त्याची अडचण थंडीत कळते. तेल घट्ट झालं की प्लेटा सुटूनही एकमेकींना ओढत राहतात. १९०८ पासून आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्येही वरच्या गिअरसाठी तेलात बुडालेल्या प्लेटांचा क्लच होता, आणि थंड सकाळी पुढे उभं राहून हँडल मारणाऱ्या मालकाच्या अंगावर गाडी सरकत येण्याची गोष्ट अमेरिकेत घरोघरी ठाऊक होती. शहाणी माणसं मागचं एक चाक जॅकवर उचलून मगच हँडल मारत. काही कंपन्यांनी बुचाच्या लाकडाचे गोल तुकडे प्लेटीत बसवले, कारण ते तेलातही बऱ्यापैकी धरतं. अमेरिकेतल्या हडसन या मोटार कंपनीने बुचाचा हा ओला क्लच थेट १९५४ पर्यंत चालवला, म्हणजे तो वाईट नव्हता.

डर्बीशायरमधलं अस्तर

सपाट, कोरडी, एकच प्लेट. फ्रान्समधल्या द दियों-बूतों कंपनीने ती शतकाच्या पहिल्या दशकातच गाड्यांत बसवली होती. वजन कमी, सुटताक्षणी थांबणारी, अडकण्याचा प्रश्नच नाही, आणि पेडल हलक्या पायाने सोडत गेलं की घसरत-घसरत धरणारी. सगळ्या तक्रारींचं उत्तर तिच्यात होतं. पण तिच्यावर कातडं लावा, तर ३३० किलोचा दाब आणि तीच जळण्याची भीती. कोरडा धातू ठेवा, तर तो ओरबाडतो.

तिला हवं ते अस्तर मोटारींच्या कारखान्यातून आलं नाही. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांना घोडागाड्या उतारावरून येताना दिसायच्या. गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं कातडं ठोकत, म्हणजे चाक नीट धरतं. फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास त्याऐवजी विणलेल्या पट्ट्याला चिकट द्रव्यं पाजून ठोकळे बनवायला सुरुवात केली. कंपनीला नाव दिलं फेरोडो, स्वतःच्या आडनावातली अक्षरं आणि पत्नी एलिझाबेथच्या नावातलं पहिलं अक्षर जुळवून. चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावात कारखाना वाढला. मोटारींच्या ब्रेकांची उष्णता कापसाला सोसेना, तेव्हा १९०८ च्या सुमारास त्यांनी ॲस्बेस्टॉस या न जळणाऱ्या तंतुमय खनिजाचं सूत वापरलं. तांब्या-पितळेच्या तारेबरोबर विणलेलं, राळेसारख्या द्रव्यात मुरवलेलं, दाबून घट्ट केलेलं.

हेच कापड वर्तुळात कापून प्लेटला रिव्हेट केलं की गणित बदलतं. घर्षणगुणांक ०.३५ पर्यंत येतो, आणि मुख्य म्हणजे तापल्यावरही फारसा ढळत नाही. आपल्या उदाहरणात दोन बाजूंच्या प्लेटला आता ३३० ऐवजी १९० किलो पुरतात. ते अनेक लहान स्प्रिंगांत वाटून, आतल्या बाजूला तरफेची बोटं लावली की पेडलवर येणारा भार शंकूच्या बरोबरीला येतो. पाचरीची गरजच संपली, आणि पाचरीबरोबर आलेली सगळी दुखणीही. अमेरिकेत बोर्ग अँड बेक या कंपनीने असा क्लच तयार घटक म्हणून विकायला सुरुवात केली, आणि महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत बहुतेक नव्या गाड्यांतून शंकू निघून गेला.

कातड्याच्या काळातली सगळी हुशारी मात्र वाया गेली नाही. फुगवट्यांची युक्ती अस्तराखालच्या लाटदार पानांत आली, हेल-शॉंच्या तेलातल्या प्लेटा आजही आपल्या मोटारसायकलींच्या इंजिनात आहेत. कुठल्याही मेकॅनिकने बुलेटचा किंवा स्प्लेंडरचा क्लच उघडला की एकाआड एक रचलेली ती थप्पी बाहेर येते.

भुकटी

या उत्तराची किंमत ज्यांनी मोजली, ती माणसं गाडीत बसणारी नव्हती. ॲस्बेस्टॉसचं सूत हातांनी आणि यंत्रांवर कातलं जाई. इंग्लंडातल्या रॉशडेलच्या गिरणीत ते काम करणाऱ्या नेली केर्शॉ १९२४ मध्ये, ३३ व्या वर्षी वारल्या. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांत रुतलेले खनिजाचे कण नोंदवून ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्या पाहणीने या धंद्यातला आजार अधिकृतपणे मान्य केला. बंदी यायला १९९९ उजाडलं. दोन शतांशांच्या बांधावरून माणसाला मोकळं करणारं अस्तर आणि हे, दोन्ही एकाच धाग्याचं होतं. क्लचच्या इतिहासात हे पान मिटून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

आज नव्या प्लेटांवर काच, ॲरॅमिड (एक मजबूत कृत्रिम धागा) आणि राळ यांची अस्तरं असतात. पण जुन्या गाड्या आपल्याकडे अजून दुरुस्त होतात, हौसेने सांभाळल्याही जातात. अशा गाडीचा गिअरबॉक्स उतरवला की क्लचच्या घरात तळाशी राखाडी मऊ भुकटी साठलेली दिसते. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. गॅरेजात हात आपोआप कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीकडे जातो. ती नळी उचलू नये. नाका-तोंडावर कणांना अडवणारा चांगला मास्क बांधावा, फवाऱ्याने भुकटी ओली करावी, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडकं वाळायच्या आत पिशवीत बांधून टाकावं. जवळ शिकाऊ मुलगा उभा असेल तर त्याला आधी बाहेर पाठवावं.